लग्नाच्या फोटोतील वेदी

धर्मग्रामातील घरांना भेटी देताना एक अनुभव हमखास येतो. आत चहाचे आधण ठेवले जाते आणि तोवर पाहायला म्हणून लग्नाचा अल्बम पुढ्यात येतो. वधूचा शुभ्र झगा, वराचा कोट, करवल्या, दोन्हीकडचे मामा-मावश्या, आणि प्रत्येक फोटोत पाठीमागे, फुलांच्या परड्यांआड अर्धवट झाकलेली चर्चची वेदी. पाने उलटताना माणसे ओळखली जातात. ‘ही आता दुबईला असते’, ‘हे गेल्या वर्षी गेले’ असे सांगितले जाते. वेदीविषयी मात्र कोणी काही बोलत नाही. ती तेथे असायचीच, असे आपण गृहीत धरलेले असते. मीही एके काळी तसेच गृहीत धरले होते.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका जुन्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. तेथील वेदीमागे सागवानी लाकडाचे कोरीव मखर होते. त्याला वाळवी लागली होती आणि दुरुस्तीचा खर्च मोठा होता. त्याऐवजी स्वच्छ संगमरवरी भिंत बांधावी, असे सभेत ठरले. त्या बाजूने सर्वांत आग्रहाने बोललो तो मीच. एका आठवड्यात सुतारांनी मखर उतरवले, धड लाकूड कोणी कोणी नेले आणि उरलेले जळणात गेले. ते उतरवण्यापूर्वी त्याचा एक फोटो काढावा, एवढेही आम्हांपैकी कोणाला सुचले नाही.

काही वर्षांनी चर्चच्या महोत्सवासाठी स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा मला पुन्हा तेथे बोलावणे आले. एका वृद्ध मावशींनी विचारले, “फादर, आमच्या जुन्या आल्तारचा फोटो घालणार ना?” मी निरुत्तर झालो. मग घरोघरचे लग्नाचे अल्बम मागवले. दोन दुपारी आम्ही ते सभागृहात पसरून बसलो. एका फोटोत नवरीच्या जाळीदार ओढणीमागे डावा खांब सापडला, त्याला वेढून वर जाणारी द्राक्षवेल दुसऱ्या फोटोत. एका मामांच्या खांद्यावरून देवदूताचा पंख डोकावत होता. गावातील एका तरुणाने हे सारे तुकडे जुळवून कागदावर मखराचे चित्र काढले. परंतु मधला भाग कोराच राहिला. प्रत्येक फोटोग्राफरने वधूवरांना नेमके मधोमध उभे केले होते!

तो कोरा भाग आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. प्राचीन ख्रिस्तमंदिरे कशी पाहावीत आणि त्यांची छायाचित्रे कशासाठी काढावीत, याविषयी पुढे जे लिहिले आहे, त्याचे मूळ त्या कोऱ्या जागेत आहे.

कागदावर उरलेली मंदिरे

छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५१ मध्ये, फ्रान्सच्या सरकारने पाच छायाचित्रकारांना देशाच्या निरनिराळ्या भागांत पाठवले. जुनी चर्च, मठ आणि किल्ले दुरुस्तीला घेण्यापूर्वी ते आहेत तसे टिपून आणावेत, हे त्यांचे काम. मध्ययुगीन इमारती नीट पाहण्याची गरज जशी दुरुस्ती करणाऱ्यास असते, तशीच ती पुढच्या पिढीलाही असते, हे यामागील सूत्र. पुढे ती छायाचित्रे बराच काळ सरकारी कपाटांत पडून राहिली, ही गोष्ट निराळी. कपाटे काय आपल्याकडेच असतात असे नाही!

त्या सूत्राचा प्रत्यय आपल्या पिढीला आला. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलला आग लागली. ओक लाकडाचा छपराचा सांगाडा जळाला, मनोऱ्याचे टोक कोसळले. डिसेंबर २०२४ मध्ये ते मंदिर पुन्हा उपासनेसाठी उघडले. पाच वर्षांत हे साधले, त्याला कारागिरांचे कौशल्य कारण आहेच. पण पिढ्यान्‌पिढ्या जपलेली रेखाटने व छायाचित्रे, आणि आगीच्या काही वर्षे आधी एका अभ्यासकाने लेझर किरणांनी घेतलेले इमारतीचे बारीक मोजमाप, हेही तितकेच उपयोगी पडले. प्रेमाने पाहिलेले असेल, तेच पुन्हा उभारता येते.

आपल्या जवळचे उदाहरण जुन्या गोव्याचे. तेथील संत ऑगस्टीन चर्चचा बुरूज आज आपण पाहतो, तो जांभ्या दगडाचा एकच उंच सुळका, सुमारे ४६ मीटरांचा. १६०२ साली बांधलेले हे चर्च १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांवर बंदी घातली तेव्हा ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा बुरूज पडला. आज तेथे जाणाऱ्याला वाटते की हा बुरूज असाच एकाकी होता. १९३१ पूर्वीची छायाचित्रे पाहिली म्हणजे कळते की तो एका भव्य दर्शनी भिंतीचा केवळ एक अंश होता.

जवळच उभे असलेले बॉम जेजूचे बॅसिलिकाही असेच आपल्याला फसवते. १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये अभिषेक झालेले, संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष सांभाळणारे हे मंदिर त्याच्या उघड्या तांबड्या दगडामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. पण ते तसे बांधलेले नव्हते. जुन्या छायाचित्रांत ते गिलाव्याने झाकलेले दिसते. हा गिलावा १९५० च्या दशकात, उघडा दगड अधिक ‘प्राचीन’ दिसेल या समजुतीने, काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असतो. गिलावा हेच त्याचे पावसापासूनचे पांघरूण. ते गेल्यामुळे दगड आता झिजत आहे आणि तो पुन्हा झाकावा की काय, याची चर्चा गोव्यात होत असते. एक जुने छायाचित्र हाती नसते, तर आपण चुकीलाच परंपरा समजून बसलो असतो.

कोंडाण्याची शाळा

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू. चर्चची रचना वाचायला शिकायचे असेल, तर प्रथम युरोपला जावे लागत नाही. नेरळकरांनी कर्जतला उतरून कोंडिवड्याच्या वाटेने राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांकडे जावे. इसवी सनापूर्वीचे हे बौद्ध चैत्यगृह आज खूप पडझड झालेले आहे. आतले बहुतेक खांब तुटले आहेत, स्तूप झिजला आहे. तरीही रचना स्पष्ट कळते. मधोमध लांबट दालन, दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा, खांबांपलीकडे अरुंद वाटा, आणि शेवटी अर्धवर्तुळाकार भाग, जेथे उपासनेचे केंद्र असते. दगडात कोरलेल्या तुळया-कमानींवरून कळते की कारागिरांना लाकडी बांधकामाची सवय होती आणि तीच भाषा ते दगडात बोलत होते. तेथल्या एका लेखात हे काम कण्हाचा शिष्य बालक याने केल्याचे नमूद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या तालुक्यातील एका कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ही काय लहान गोष्ट आहे?

हेच घाटावर कार्ल्याला अखंड रूपात पाहायला मिळते. सुमारे ४५ मीटर लांबीच्या त्या चैत्यगृहात मूळ लाकडी फासळ्याही छताला टिकून आहेत.

आता याच आराखड्याशेजारी पहिल्या ख्रिस्ती बॅसिलिकांचा आराखडा ठेवा. मधले दालन, बाजूच्या वाटा, टोकाला अर्धवर्तुळ आणि तेथे वेदी. एकाने दुसऱ्याकडून घेतले, असे मी म्हणत नाही. रोमन बॅसिलिका ही मुळात न्यायदानाची व सार्वजनिक कामकाजाची इमारत होती आणि चौथ्या शतकात ख्रिस्तसभेने ती आपलीशी केली. पण समुदायाने एकत्र चालत जाऊन एका पवित्र बिंदूपाशी थांबावे, ही मानवी हृदयाची ओढ दोन्हीकडे एकच आहे. मधल्या दालनाला लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणतात, म्हणजे जहाज. आपली ‘नाव’ आणि संस्कृतातील ‘नौ’ ही त्याच कुळातील. ख्रिस्तसभा ही तारणाची नौका, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. मध्ययुगातील गवंड्यांनी ते दगडात मांडले.

मध्ययुगातील दोन मुख्य शैली लक्षात ठेवल्या तर पुष्कळ काम होते. रोमनेस्क शैलीत कमानी अर्धगोल, भिंती जाड आणि खिडक्या लहान. दगडी छताचा भार भिंतीच पेलतात, म्हणून त्यांना जास्त भोके पाडता येत नाहीत. आत शिरल्यावर गुहेत आल्यासारखा, सावलीचा, स्थिर अनुभव येतो. पुढे बाराव्या शतकात गॉथिक शैली आली. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिस मठाचे मठाधिपती सुगेर यांनी वेदीचा भाग नव्याने बांधून ११४४ मध्ये त्याचे समर्पण केले, ते तिचे पहिले मोठे पाऊल मानले जाते. टोकदार कमान, छताचा भार निवडक खांबांवर आणणाऱ्या दगडी फासळ्या आणि भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी, या तीन युक्त्यांनी भिंत ओझ्यातून मोकळी झाली. मोकळ्या झालेल्या भिंतीत रंगीत काचा आल्या आणि मंदिर प्रकाशाने भरले. ही केवळ सजावट नव्हती. दृश्य प्रकाशाकडून मन अदृश्य प्रकाशाकडे चढते, ही सुगेर यांची श्रद्धा होती.

आपल्या किनाऱ्यावरील चर्च ही काटेकोर अर्थाने मध्ययुगीन नाहीत. पोर्तुगीज येथे आले तेव्हा युरोपात नवा काळ सुरू झालेला होता. परंतु येणाऱ्या गवंड्यांच्या हातात मध्ययुग अजून जिवंत होते. जुन्या गोव्यात १५४० च्या दशकात बांधलेले रोझरी मातेचे चर्च पाहा. किल्ल्यासारखे गोल बुरूज आणि फासळ्यांचे छत. तेथीलच संत फ्रान्सिस असिसी यांचे चर्च १६६१ मध्ये नव्याने बांधले गेले, तेव्हा आधीच्या इमारतीचा १५२१ मधील काळ्या दगडाचा दरवाजा तसाच ठेवला गेला. ही मॅन्युएलिन शैली म्हणजे पोर्तुगालच्या गॉथिक परंपरेचा शेवटचा बहर. सतराव्या शतकातल्या त्या बांधणाऱ्यांना जे सुचले, ते आम्हांला सुचले नाही. त्यांनी नवे बांधताना जुन्याचा दरवाजा राखला.

वसईच्या कोटात

कल्याणकडून दिवा-वसई मार्गाने वसईला पोहोचावे आणि सकाळच्या उन्हात कोटात शिरावे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांकडे गेली. या दोनशे वर्षांत कोटाच्या आत एक संपूर्ण नगर नांदले. आज त्याच्या चर्चना छत नाही. जमिनीवर गवत आणि भिंतींत पिंपळ आहे.

अशा वास्तूत बहुतेक जण थेट दाराच्या कमानीखाली उभे राहतात, फोटो काढतात आणि निघतात. मी तरुणांना घेऊन गेलो की प्रथम कॅमेरे खिशात ठेवायला सांगतो. संत जोसेफ यांच्या चर्चपाशी, म्हणजे वसईच्या मुख्य चर्चपाशी, आम्ही बाहेर थांबतो. १६०१ मध्ये, गोव्याचे महागुरुस्वामी आलेशो द मेनेझिस यांच्या काळात, या चर्चचा जीर्णोद्धार झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. मग आम्ही एकामागून एक, न बोलता, मुख्य दारातून आत शिरून वेदीच्या जागेपर्यंत सावकाश चालत जातो. पन्नास-साठ पावलांत डोळ्यांना जे कळत नव्हते ते पायांना कळते. ही इमारत पाहण्यासाठी नाही, चालत येण्यासाठी बांधली आहे. छायाचित्र हे सांगू शकत नाही.

त्यानंतर कॅमेरे बाहेर काढायचे, आणि प्रत्येकाने एक प्रश्न मनात धरून फोटो घ्यायचा. भिंतीतील चौकोनी खाचा कशाच्या? तेथे माडीच्या तुळया बसत, जिच्यावर गायकवृंद उभा राहत असे. भिंतीच्या आतल्या अंगाला राहिलेला गिलावा कोणत्या रंगाचा? कमानीचा घडीव दगड आणि भरावाचा ओबडधोबड दगड एकच आहे का? वसईच्या घडीव दगडाला त्या काळी एवढा मान होता की बॉम जेजूच्या दर्शनी भागातील कोरीव कामासाठी तो येथून समुद्रमार्गे गोव्याला नेला गेला. गोव्याला जाऊन आलेल्या आपल्या कितीतरी मंडळींनी वसईच्या दगडापुढे उभे राहून फोटो काढले आहेत, ते न कळता!

फ्रान्सिस्कन संघाच्या संत अंतोनी चर्चमध्ये खाली पाहून चालावे. जमिनीत पोर्तुगीज अक्षरांचे थडग्याचे दगड आहेत. बाजूच्या प्रार्थनागृहांच्या कमानींतून मोजके ऊन या दगडांवर तिरपे पडते तेव्हाच अक्षरे वाचता येतात. भर दुपारी ती पुसल्यासारखी होतात. येशूसंघीयांच्या चर्चच्या दर्शनी भागावर येशूच्या पवित्र नावाची अद्याक्षरे कोरलेली आहेत. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांच्या आयुष्याची सुरुवात याच परिसरात झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रूसावर हौतात्म्य आले आणि १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांच्या सणाला येथे दरवर्षी मिस्सा होते. त्या दिवशी भग्न वास्तू पुन्हा चर्च होते. ज्यांनी वसईचा कोट केवळ फोटोत पाहिला आहे, त्यांनी एकदा त्या मिस्सेला जावे.

रेवदंडा आणि एक घंटा

आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस, रेवदंड्याच्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून असेच अवशेष विखुरले आहेत. फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा गावकरी ‘सातखणी’ म्हणून ओळखतात. डॉमिनिकन चर्चच्या वेदीवरील दगडी छताचा भाग पाहिला म्हणजे डोक्यावर दगड तोलून धरणे म्हणजे काय, हे समजते. १७४० मध्ये पोर्तुगिजांनी हा कोट मराठ्यांना दिला. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही आपले ख्रिस्ती बांधव पोर्तुगीज मिश्रित स्वतःची बोली बोलतात. इमारती पडल्या, बोली उभी आहे. डॉ. जेर्सन द कुन्हा या मूळच्या गोव्याच्या विद्वान डॉक्टरांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर छायाचित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. दवाखाना सांभाळून त्यांनी हे काम केले. आपल्यातील एखाद्या शिक्षकाने वा डॉक्टरने त्यांचा कित्ता आजही गिरवावा.

आता नेरळहून दिसणाऱ्या डोंगराकडे पाहू. आपल्या तालुक्यातील खांडस गावातून शिडी घाटाने वा गणेश घाटाने वाटसरू भीमाशंकरला चढतात. तेथे मंदिराच्या आवारात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी ती अर्पण केली, असे सांगतात. वाईजवळच्या मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही अशा घंटा आहेत. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. एके काळी त्यांनी आपल्या पूर्वजांना मिस्सेला बोलावले. पराभवाची खूण म्हणून त्यांच्याकडे पाहणे सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ज्यांनी त्या नेल्या त्यांनी त्या वितळवल्या नाहीत. देवाच्या दारी बांधल्या. जवळजवळ तीनशे वर्षे दुसऱ्या भक्तांच्या हातांनी त्या जपल्या गेल्या. आमचे मखर मात्र आम्हीच जळणात घातले.

आपल्या हाती काय आहे

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरीही आपली जुनी चर्च, गावाच्या वेशीवरचे क्रूस आणि घरांतील देव्हारे नोंद न ठेवता नाहीसे होत आहेत. म्हणून चार साध्या सूचना. दुरुस्तीचा पहिला घाव पडण्यापूर्वी वेदी, छत, दरवाजे, बाप्तिस्म्याचे कुंड आणि थडगी यांचे स्वच्छ उजेडात, समोरून आणि जवळून फोटो घ्यावेत. शेजारी एखादी मोजपट्टी वा काठी ठेवावी, म्हणजे आकार कळेल. फोटोमागे तारीख, स्थळ आणि माहिती देणाऱ्या वृद्धाचे शब्द लिहावेत. त्यांची एक प्रत धर्मग्रामाच्या दप्तरात, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी ठेवावी, कारण मोबाईल बदलले जातात आणि नोंदवही राहते.

आणि लग्नाचे अल्बम? ते तर जपाच. वसईच्या कोटाच्या हजारो फोटोंत वास्तू आहे आणि आपली माणसे नाहीत. आपल्या अल्बमांत माणसे आहेत आणि वास्तू झाकलेली आहे. चर्च म्हणजे ही दोन्ही मिळून. म्हणून यापुढे माझ्याकडे विवाहाची तारीख ठरवायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी एक विनंती करतो. फोटोग्राफरला सांगा, विधी सुरू होण्याआधी, दिवे लागलेले असताना, मधोमध कोणी उभे नसताना, वेदीचा एक फोटो काढ. अल्बमच्या पहिल्या पानावर तो लावा. पन्नास वर्षांनी तुमची नात तो पाहील, तेव्हा मधला भाग कोरा नसेल.